बाइक शिकताना या चुका टाळा: पुढच्या ब्रेकची भीती आणि उतारावरचं न्यूट्रल

गाडी शिकायला आलेला मुलगा असो की मुलगी, पहिल्याच तासाला मला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "पुढचा ब्रेक लावायचा नाही, गाडी उलटते, असं बाबांनी सांगितलंय." घराघरांतून हे असंच चालत आलंय. माझ्या मते नवशिक्याला याहून वाईट सल्ला देता येणार नाही.

ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे येतं. पुढचं टायर रस्त्यावर दाबलं जातं आणि त्याची पकड वाढते, तर मागचं चाक हलकं होतं. अशा वेळी घाबरून नुसता मागचा ब्रेक दाबला तर ते हलकं चाक लॉक होतं, म्हणजे फिरायचं थांबतं, गाडी मागून सरकायला लागते आणि थांबते मात्र फार पुढे जाऊन. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोर रिक्षा आडवी आली तर तेवढे मीटर कुठून आणणार?

पुढच्या ब्रेकने लोक पडतात, हे खरं आहे. पण ते पडतात तो एकदम आवळल्यामुळे, नाहीतर हँडल वळलेलं असताना किंवा खडी-वाळूवर आवळल्यामुळे. सरळ रस्त्यावर हळूहळू जोर वाढवत दाबला तर गाडी गुडघे टेकल्यासारखी शांत बसते. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे आणि १२५ पर्यंतच्यांना निदान सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागेल अशी सोय. ते असावंच, पण त्याच्या भरवशावर हात न शिकवणं मला पटत नाही. मी पोरांना रिकाम्या मैदानात नेतो. तिथे आधी २० च्या वेगाने फक्त पुढचा ब्रेक, मग ३० ने दोन्ही, आणि हात स्वतःहून जोर वाढवायला लागेपर्यंत तेच. कंटाळा येतो, येऊ दे. ज्याला पहिल्याच दिवशी हायवेवर जायचंय त्याला मी शिकवत नाही.

दुसरी चूक घाटातली. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, कारण "पेट्रोल वाचतं".

आमच्या शेजारचा एक मुलगा कोकणात जाताना आमच्याबरोबर आला होता. नवं लायसन्स, घरातली जुनी, दोन्हीकडे ड्रम ब्रेक असलेली गाडी. ताम्हिणी उतरायच्या आधी चहाला थांबलो तेव्हा त्याला बजावलं होतं की गिअरमध्येच उतर. "हो काका" म्हणाला. मी मुद्दाम त्याच्या मागे राहिलो. थोडं उतरलो आणि त्याच्या इंजिनाचा आवाज गळाला. ब्रेकचा लाल दिवा मात्र सतत पेटलेला. मग ब्रेकचा लायनर, म्हणजे ड्रमच्या आत घासणारा भाग, जळाल्याचा वास आला. मी हॉर्न वाजवत राहिलो, ओरडलो, पण हेल्मेटमध्ये त्याला काय कळणार! पुढच्या वळणावर त्याने पाय देऊन दाबलं तरी गाडी धरेना. नशीब, तो डोंगराच्या बाजूच्या चरात गेला. दुसऱ्या बाजूला दरी होती. गळपट्टीचं हाड मोडलं, गाडीचा फोर्क वाकला.

गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतो आणि तापलेला लायनर पकड सोडतो. पेट्रोलचं म्हणाल, तर २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्या जवळपास सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल मोजून सोडणाऱ्या आहेत. त्यांत गाडी गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल पूर्ण सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम मी डोळे झाकून पाळतो. उतारावर क्लच दाबून गाडी सोडणं म्हणजेही न्यूट्रलच, हे विसरू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. नजर पुढच्या चाकासमोरच्या खड्ड्यावर खिळली की गाडी त्याच खड्ड्यात जाते. जिथे जायचंय तिथे बघा. हेल्मेटचा पट्टा लावला नसेल तर पडताना हेल्मेट आधी निघून जातं. आयएसआय खूण नसलेली टोपी घेऊ नका, पैसे वाचवायच्या दुसऱ्या जागा आहेत. ओढणी, जॅकेटची नाडी चेनपासून लांब, नीट खोचून. एसटी किंवा ट्रकच्या डाव्या बाजूने घुसू नका, तिथे तुम्ही ड्रायव्हरला दिसत नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं. तेव्हा आणि झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक हलका.

शिकाऊ लायसन्सनंतर ३० दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते, म्हणून एकतिसाव्या दिवशी मित्राला मागे बसवून लोणावळ्याला निघायचं नसतं. डबलसीट झाली की ब्रेक, वळण, तोल सगळंच बदलतं, त्यामुळे आधी गल्लीतल्या गल्लीत सराव करा. आणि दुसऱ्याची गाडी घेताना गिअर विचारून घ्या. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात, पल्सरचा पहिला खाली आणि बाकीचे वर. सिग्नल सुटल्यावर, मागे गाड्यांची रांग असताना हे शोधायला वेळ मिळत नाही.