पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक द्यायचा की ठेवायचा? या चुका टाळा

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये संघ ड्राफ्टमध्ये पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, आणि तळाच्या संघांची पाळी आधी येते. ही पाळी म्हणजे पिक; खेळाडूच्या बदल्यात ती दुसऱ्या संघाला देता येते. पहिल्या फेरीचा पिक देताना व्यवस्थापक एक गोष्ट वारंवार विसरतात. आपण नेमका कितवा क्रमांक देतोय, हे सौद्याच्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं. आपला संघ पुढे किती हरतो, त्यावर ते ठरतं.

ऑटावा सेनेटर्सचं बघा. २०१७ मध्ये ते स्टॅनली कपच्या अंतिम फेरीपासून एका गोलाच्या अंतरावर होते. पिट्सबर्गविरुद्धचा निर्णायक सातवा सामना दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये हातचा गेला. त्याच भरात नोव्हेंबरमध्ये त्यांनी मॅट डुशेन या खेळाडूसाठी कोलोरॅडोला आपला पहिल्या फेरीचा पिक देऊ केला. अट अशी, की २०१८ चा पिक पहिल्या दहात आला तर ऑटावाला तो ठेवून २०१९ चा देता येईल. त्या हंगामात संघ ३१ पैकी ३० वा आला.

एका चांगल्या हंगामावर पुढच्या दोन हंगामांची भिस्त ठेवली, ही पहिली चूक. पिक वाचवणाऱ्या या संरक्षणाच्या अटीला सुटका समजणं ही दुसरी, आणि माझ्या मते जास्त महागात पडणारी. त्या अटीने देणं फिटत नाही, वर्षभर पुढे जातं. २०१९ च्या पिकला तर कसलंच संरक्षण नव्हतं. शिवाय डुशेनचा करारही २०१९ मध्येच संपत होता. त्याआधीच, फेब्रुवारीत, त्याला कोलंबसला द्यावं लागलं.

जून २०१८ मध्ये ऑटावाने चौथा क्रमांक ठेवला आणि ब्रेडी टकाचकला घेतलं. पुढच्या हंगामात संघ तळाला गेला, तळाच्या संघांचे क्रमांक ठरवणाऱ्या सोडतीत २०१९ चा पिकही चौथा निघाला आणि कोलोरॅडोने बोवेन बायरमला निवडलं. पिक ठेवल्याबद्दल ऑटावाला खूप बोल लागले. मला ते पटत नाही. टकाचक २०२१ मध्ये कर्णधार झाला. हातातला क्रमांक माहीत होता, पुढचा नव्हता. चूक जूनमध्ये नाही, आदल्या नोव्हेंबरमध्ये झाली होती.

म्हणून सही करण्याआधी स्वतःला विचारा: आपण शेवटच्या पाचांत आलो, तरी हा सौदा मान्य आहे का? सॅन होजेने २०१८ मध्ये ऑटावाच्या एरिक कार्लसनसाठी दिलेला पिक २०२० मध्ये तिसरा निघाला आणि ऑटावाला टिम श्टुट्झले मिळाला.

पिक कवटाळून बसणं हीदेखील चूकच. टँपा बेने फेब्रुवारी २०२० मध्ये बार्कले गुड्रोसाठी स्वतःचा पिक दिला. त्या वर्षी कप त्यांनीच जिंकला, आणि दिलेला पिक ठरला ३१ वा, म्हणजे फेरीतला शेवटचा.