जुन्या ॲम्पला म्युझिक स्ट्रीमर कसा जोडायचा आणि मग आवाज कसा लावायचा

बऱ्याच घरांत अजून जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी आहे. कॅसेट डेक कधीच भंगारात गेला, सीडी प्लेअरची लेन्स गेली, पण ॲम्प ठणठणीत असतो, आणि लोक त्याच्याशेजारी ब्लूटूथचा डबडा स्पीकर ठेवून गाणी ऐकतात. त्यापेक्षा एक स्ट्रीमर घ्या. वायफायवरून गाणं घ्यायचं आणि ॲम्पला चालेल असा सिग्नल पुढे द्यायचा, एवढंच काम करणारी ही छोटी डबी. विम मिनी, विम प्रो, ब्लूसाउंड नोड अशा तयार मिळतात, हौस असेल तर रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर व्हॉल्युमिओ हे सॉफ्टवेअर टाकून घरीही बनते. जोडणं सोपं आहे, खरा वेळ जातो तो नंतर.

आधी ॲम्प बंद करा, नुसता स्टँडबाय नाही, भिंतीवरचं बटणच बंद. मागे बघा, लाल-पांढऱ्या आरसीए सॉकेटच्या जोड्या असतील आणि वर सीडी, ऑक्स, ट्यूनर, टेप असं काहीतरी लिहिलेलं असेल. यातली कुठलीही चालते, टेपला फक्त प्ले किंवा इन लिहिलेली जोडी घ्या, रेक किंवा आउटची नाही. लाल म्हणजे उजवा, पांढरा किंवा काळा म्हणजे डावा. फोनो लिहिलंय तिथे मात्र अजिबात लावू नका. ते रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून येणाऱ्या पाचेक मिलिव्होल्टसाठी असतं आणि स्ट्रीमर देतो २ व्होल्टपर्यंत, म्हणजे चारशे पट, वर फोनो सर्किट बास मुद्दाम वाढवतं, त्यामुळे फाटका, घुमणारा आवाज येईल आणि स्पीकरलाही धोका.

जुन्या फिलिप्ससारख्या सेटला आरसीएच्या जागी पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं. घाबरू नका, डिन टू आरसीए वायर मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास विचारा. तिला चार आरसीए टोकं असतील तर दोन रेकॉर्डची, दोन प्लेची. आवाज आला नाही तर व्हॉल्यूम खाली घेऊन दुसरी जोडी लावून बघायची, बस.

ॲम्पला किंवा वेगळ्या डॅकला (डिजिटल आकड्यांचा ॲनालॉग सिग्नल करणारी डबी किंवा चिप) ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने सिग्नल घेणारं, इनपुट असेल तर तसंही जोडता येतं. वायरच्या टोकावरची प्लॅस्टिकची टोपी काढायला विसरू नका, कितीतरी जण "स्ट्रीमर खराब आला" म्हणतात ते या टोपीमुळे. आणि वायरींवर पैसे उडवू नका, दोन-तीन फुटांच्या अंतराला बऱ्यापैकी साधी आरसीए वायर पुरते, दुकानदार काहीही सांगो.

आता वायफाय. लोकांना वाटतं याला फार स्पीड लागतो. सीडीच्या दर्जाचं ऑडिओ सेकंदाला १४११ किलोबिट, फ्लॅकमध्ये (दर्जा न घालवता फाइल लहान करणारा फॉरमॅट) त्याच्या निम्म्या-पाऊणपट, म्हणजे कुठल्याही ब्रॉडबँडला किरकोळ. अडतं ते सिग्नलवर. स्ट्रीमर लोखंडी कपाटात किंवा टीव्हीच्या मागे कोंबला तर गाणं मध्येच थांबणार. मध्ये आरसीसीची भिंत असेल तर ५ गिगाहर्ट्झपेक्षा २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क जास्त आत पोचतं. इथरनेटचं सॉकेट असेल आणि राउटर शेजारीच असेल तर सरळ वायर लावा आणि विषय संपवा. ॲपला स्ट्रीमर सापडतच नसेल तर बघा की फोन गेस्ट वायफायवर तर नाही ना, फोनमधलं व्हीपीएन चालू तर नाही ना, बहुतेक वेळा यातलंच एक असतं.

गाणं फोनवरून कसं पाठवता यानेही फरक पडतो. ब्लूटूथने पाठवलं तर ते आणखी दाबलं जातं, आणि व्हॉट्सॲपची टिंग पण स्पीकरवर वाजते. स्पॉटिफाय कनेक्ट किंवा क्रोमकास्ट वापरलं तर फोन फक्त रिमोट, स्ट्रीमर स्वतःच इंटरनेटवरून गाणं ओढतो, तुम्ही फोन घेऊन भाजी आणायला गेलात तरी घरात गाणं चालू. आयफोनच्या एअरप्लेमध्ये मात्र गाणं फोनमधूनच जातं. ॲपमध्ये स्ट्रीमिंग क्वालिटी सगळ्यात वरची ठेवा, ती आपोआप तशी नसते.

इथपर्यंत आवाज आला असेल. आता लेव्हल, आणि इथेच बहुतेक सेट मार खातात. जुन्या ॲम्पची इनपुट दीडशे-दोनशे मिलिव्होल्टवरच पूर्ण आवाज द्यायला तयार असते, तिला २ व्होल्ट दिले की नॉब जरा हलवला तरी घर दणाणतं, आणि नॉबच्या अगदी सुरुवातीला डाव्या-उजव्याचा तोलही नीट नसतो, एक बाजू बारीक वाजते. काही स्ट्रीमरमध्ये आउटपुट २ व्होल्टवरून १ व्होल्ट किंवा त्याखाली आणायची सेटिंग असते, ती वापरा. नसेल तर स्ट्रीमरचा व्हॉल्यूम कमी करून ठेवा. डिजिटल व्हॉल्यूम कमी केला की क्वालिटी जाते ही भीती थोडी जास्तच पसरलीय. दर ६ डेसिबलला एक बिट जातो हे खरं, पण सीडीचं गाणं १६ बिटचं आणि डॅक २४ बिटचा, म्हणजे हिशोबाने ४८ डेसिबल खाली येईपर्यंत गाण्याचे बिट शाबूत. नेहमीचा आवाज नॉब दहा-अकरा वाजताच्या जागी असताना यावा असं जुळवा. फिक्स्ड व्हॉल्यूमची, म्हणजे स्ट्रीमरचा आवाज कायम पूर्ण ठेवणारी, सेटिंग फक्त ॲम्पला स्वतःचा नॉब असेल तरच. थेट पॉवर ॲम्पला (नॉब नसलेला, नुसती ताकद देणारा) किंवा व्हॉल्यूम नसलेल्या ॲक्टिव्ह स्पीकरला (ज्याच्या आतच ॲम्प असतो) लावून फिक्स्ड केलंत तर पहिलंच गाणं पूर्ण ताकदीने सुटेल.

गाणं बंद असताना घुंऽऽ असा आवाज येतोय? ती ५० हर्ट्झची हम, बहुतेकदा अर्थिंगच्या लूपची, म्हणजे उपकरणं एकाहून जास्त रस्त्यांनी अर्थला जोडली गेल्याची. एकेक वायर काढून बघा. टीव्हीपण त्याच ॲम्पला जोडलेला असेल तर आधी सेटटॉप बॉक्सची केबलवाल्याची वायर काढा, फार वेळा चोर तिथेच सापडतो. ऑप्टिकलने जोडलं की वीज जायचा रस्ताच तुटतो आणि हम जाते. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तो जिवाशी खेळ आहे.

आता आवाज लावूया. ॲम्पवरचं लाउडनेस बटण बंद, बास-ट्रेबल मध्यावर. पहिली परीक्षा ७८च्या तबकडीवरून डिजिटल केलेल्या जुन्या ख्यालाची किंवा नाट्यगीताची. ही रेकॉर्डिंग मोनो असतात, दोन्ही स्पीकरना तंतोतंत तेच मिळतं, म्हणून गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, हवेत एका जागी उभा राहिला पाहिजे. तो पसरट वाटला, डोक्यात कुठूनही आल्यासारखा, आणि बास गायब, तर एका स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्यात, ॲम्प बंद करून प्लस-मायनस तपासा. एकाच बाजूला सरकला तर बॅलन्स किंवा स्पीकरची जागा.

जागेचं म्हणाल तर दोन्ही स्पीकर आणि तुम्ही असा समभुज त्रिकोण, ट्वीटर कानाच्या उंचीला, मागच्या भिंतीपासून निदान फूटभर पुढे. शोकेसच्या कप्प्यात दोन फ्लॉवरपॉटच्या मध्ये बसवलेला स्पीकर कितीही महाग असो, डब्यातून बोलल्यासारखाच वाजणार. घरातल्यांशी या बाबतीत थोडी वाटाघाट करावी लागते, ती करा. त्यात आपल्याकडे सगळीकडे गुळगुळीत टाइल्स, टाळी वाजवली की खणखण उत्तर येतं. स्पीकर आणि सोफ्याच्या मध्ये जाड सतरंजी आणि खिडकीला जड पडदा, याने जेवढा फरक पडतो तेवढा डबी बदलून पडत नाही.

मग डग्गा ऐका. कुठलंही बऱ्यापैकी तबला सोलो लावा. डग्ग्याची मींड खालून वर जाताना एखादाच सूर अचानक बदाबदा फुगत असेल तर तो तबलजीचा नाही, खोलीचा दोष. १२ फूट लांबीच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झ, १० फूट रुंदीला ५६ हर्ट्झ असे सूर भिंतींमध्ये अडकून फुगतात, आणि छतही दहाच्या आसपास असेल तर ५६ दुप्पट त्रास देतो. त्यांच्या दुप्पट आकड्यांवर, म्हणजे ९४ आणि ११२ च्या आसपासही तोच प्रकार होतो. स्ट्रीमरच्या ॲपमध्ये पॅरामेट्रिक इक्यू, म्हणजे नेमका एखादा हर्ट्झचा आकडा निवडून आवाज कमी-जास्त करायची सोय, असेल तर एकेका जागी, क्यू (पट्टा किती अरुंद ते) चार-पाच ठेवून, चार ते सहा डेसिबल कमी करून ऐका. कमीच करायचं, वाढवायचं नाही, वाढवलं की आवाज फाटतो आणि खोलीत ज्या जागी बास मुळात पोचतच नाही तिथे वाढवूनही पोचत नाही. फोनच्या माइकने आपोआप रूम करेक्शन, म्हणजे खोलीचा दोष मोजून दुरुस्ती, करणारी ॲप पण आहेत, त्यांना ३०० हर्ट्झच्या वर हात लावू देऊ नका, नाहीतर तानपुऱ्याची जवारीच बोथट होते. ती जवारी, चार तारांची गुंजन, मागे सतत स्वच्छ ऐकू येत असेल तर ट्रेबल ठीक आहे समजा.

शेवटी ॲपमधल्या दोन सेटिंग. गॅपलेस चालू ठेवा, नाहीतर मैफिलीच्या रेकॉर्डिंगमध्ये विलंबितातून द्रुतात जाताना मध्येच एक सेकंद शांतता पडते, तोडलेल्या ट्रॅकची. आणि व्हॉल्यूम लेव्हलिंग, म्हणजे सगळी गाणी एका आवाजात आणणं, हे मिश्र प्लेलिस्टला चालू, कारण जुनी रेकॉर्डिंग हळू आणि नवी फिल्मी गाणी दणकून मास्टर केलेली, पण एकच मैफल सलग ऐकताना बंद. स्वतःच्या जुन्या एमपीथ्री पेनड्राइव्हवरून लावत असाल आणि गाण्यांची मराठी नावं चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसत असतील तर टॅग, म्हणजे फाइलमधल्या नाव-गायकाच्या नोंदी, बहुतेक जुन्या एन्कोडिंगमध्ये आहेत, कॉम्प्युटरवर एमपीथ्रीटॅगसारख्या टॅग एडिटरमध्ये उघडून नावं युनिकोडमध्ये पुन्हा टाका, आणि तेव्हाच अल्बम आर्टिस्टच्या रकान्यात गायकाचं नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने लिहा, नाहीतर ॲपमध्ये एकच बुवा चार वेगवेगळ्या ठिकाणी भेटतात.