असेंबल करावा की तयार घ्यावा: कमी बजेटच्या संगणकाचा हिशेब

भाचीला आर्किटेक्चरच्या अभ्यासासाठी संगणक घ्यायचा होता, तेव्हा माझ्यासमोर दोन कागद होते. एक होते मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून आणलेले, असेंबल करायच्या म्हणजे सुटे भाग जोडून बनवायच्या संगणकाचे कोटेशन आणि दुसरी होती एका नामांकित कंपनीच्या तयार डेस्कटॉपची किंमत. कोटेशनचा आकडा बराच कमी होता आणि नुसती शेवटची ओळ पाहिली असती, तर निर्णय तिथेच झाला असता. परंतु सगळे कोटेशन नीट वाचल्यावर लक्षात आले, की त्यात विंडोज धरलेले नव्हते, कीबोर्ड-माउस नव्हते, जीएसटी वेगळा लागणार होता आणि रॅमपुढे, म्हणजे चालू कामाची माहिती धरणाऱ्या मेमरीपुढे, कंपनीचे नाव न देता केवळ ‘8 जीबी’ एवढेच लिहिलेले होते. दोन्ही कागद सारख्या मापाने मोजले, तेव्हा फरक फार थोडा उरला.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर दोन रकाने आखावेत आणि डाव्या बाजूला प्रोसेसर, मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य फलक), रॅम, एसएसडी (फाइली साठवणारा भाग), एसएमपीएस (भागांना वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड-माउस, विंडोज, जीएसटी, जोडणीची मजुरी आणि हमी अशा ओळी लिहाव्यात. तयार संगणकात जे भाग आहेत, त्याच तोडीचे भाग दुसऱ्या रकान्यात धरावेत. दुकानदाराकडून प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल लिहून घ्यावे, कारण मॉडेलचे नाव नसलेल्या ओळीची तुलना करताच येत नाही.

संगणक आणि त्याच्या भागांवर 18 टक्के जीएसटी लागतो. उदाहरणादाखल, कोटेशन कराशिवाय 30,000 रुपयांचे असेल, तर त्यावर 5,400 रुपये कर चढून प्रत्यक्षात 35,400 रुपये मोजावे लागतात. तयार संगणकाच्या छापील किमतीत मात्र कर आधीच धरलेला असतो. बिल न घेतल्यास कर वाचेल असे कोणी सुचवले, तर ते मुळीच मान्य करू नये. पुढे हमीचा दावा करताना तारखेचा पुरावा म्हणून तेच बिल मागितले जाते.

सर्वांत मोठी फसगत विंडोजच्या ओळीत होते. अनेक तयार डेस्कटॉपमध्ये अधिकृत विंडोज असते. असेंबल केलेल्या संगणकासाठी ते स्वतंत्र घ्यायचे, तर होम आवृत्तीच्या किरकोळ परवान्याला दहा हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो आणि कमी बजेटमध्ये ही रक्कम फार जड जाते. ‘विंडोज टाकून देतो’ या आश्वासनाचा अर्थ परवाना देतो असा होत नाही, त्यामुळे बिलावर परवान्याची वेगळी ओळ आहे का, ते पाहावे. काम ब्राउझर, पत्रलेखन आणि हिशेबापुरते असेल, तर विंडोजऐवजी लिनक्सवर आधारित मिंट किंवा उबंटू ही प्रणाली विनामूल्य वापरता येते. युनिकोड मराठी त्यावर उत्तम टंकता येते. भाचीला आराखडे काढण्याचे ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर लागणार होते आणि ते लिनक्सवर चालत नाही, म्हणून तिच्या हिशेबात परवाना धरावाच लागला. डीटीपीसाठी, म्हणजे छपाईची पाने मांडण्यासाठी, श्रीलिपी हे विंडोजवरचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही हीच ओळ धरावी लागेल.

प्रोसेसर निवडताना नावाच्या शेवटचे अक्षर पाहावे. इंटेलच्या आय3-12100 मध्ये चित्र दाखवणारा भाग अंगभूत असतो, तर 12100एफ मध्ये तो नसतो; त्या ‘एफ’मुळे वाचलेले पैसे वेगळ्या ग्राफिक्स कार्डात पुन्हा खर्च होतात. एएमडीच्या रायझन 5 5600जी मध्ये सहा कोअर (एकाच वेळी काम करणारे स्वतंत्र भाग), अंगभूत ग्राफिक्स आणि सोबत पंखाही मिळतो. अशा अंगभूत ग्राफिक्सला रॅमचा वेग लागतो, म्हणून 16 जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा 8 जीबीच्या दोन पट्ट्या घेणे हिताचे ठरते. तयार संगणकात पुष्कळदा एकच पट्टी असते, तेव्हा पट्टी बसवायची दुसरी जागा (स्लॉट) रिकामी आहे ना, हे आधी विचारून घ्यावे.

एसएमपीएसमध्ये काटकसर करू नये, असे माझे ठाम मत आहे. स्वस्त कोटेशनमध्ये ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ अशी एकच ओळ असते आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत 450 किंवा 500 वॅट छापलेले असते. तो डबा हातात घेऊन बाजूचा तक्ता वाचावा. बारा व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती आहेत, ते पाहून त्या आकड्याला बाराने गुणावे. 15 अँपिअर असतील, तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला 180 वॅटच येतात, मग वर काहीही छापलेले असो.

हमीचा विचार गावावरून करावा. पेटीबंद प्रोसेसरवर तीन वर्षांची हमी असते. पेटीशिवाय ‘ट्रे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोसेसरला मात्र कंपनीची ती हमी सहसा मिळत नाही. सुट्या भागांची हमी अधिक वर्षांची असली, तरी बिघाड कोणत्या भागात आहे ते शोधून तो भाग सेवा केंद्रापर्यंत पोचवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. जिथे जवळपास केंद्र नाही आणि घरात जाणकार नाही, तिथे घरी येऊन दुरुस्ती देणाऱ्या तयार संगणकासाठी थोडे अधिक पैसे मोजणे मला योग्य वाटते.

ज्यांचे बजेट फारच तुटपुंजे आहे, त्यांनी कार्यालयांतून निघालेल्या, दुरुस्त करून पुन्हा विकल्या जाणाऱ्या (रिफर्बिश्ड) डेस्कटॉपसाठी तिसरा रकाना आखावा. विंडोज 10 चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, म्हणून इंटेलच्या आठव्या पिढीपेक्षा जुना प्रोसेसर टाळावा; त्याला विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. अरुंद कॅबिनेटच्या अशा यंत्रांत एसएमपीएसची जोडणी बहुधा त्या कंपनीची स्वतःची असते, त्यामुळे बाजारातला साधा एसएमपीएस पुढे बसत नाही.

भाचीसाठी आम्ही शेवटी असेंबल केलेलाच घेतला, कारण तिला पुढे ग्राफिक्स कार्ड लागणार आहे आणि चांगला एसएमपीएस आत्ताच बसवता आला. तिला केवळ लेखन-वाचन करायचे असते, तर मी तयारच सुचवला असता. 2025 च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीच्या किमती झपाट्याने चढल्या आहेत, तेव्हा दोन्ही किमती एकाच दिवशी घ्याव्यात. महिन्यापूर्वीचे कोटेशन आजच्या किमतीशेजारी ठेवू नये. पैसे देण्यापूर्वी दुकानातच संगणक चालू करून टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर आणि रॅम तपासावी आणि प्रत्येक भागाचा सिरियल क्रमांक बिलावर लिहून घ्यावा.