डीयूआय, समुपदेशन आणि क्लिअरन्सचा फॉर्म

"दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं होतं, आता क्लिअरन्स (गोपनीय सरकारी माहिती हाताळायची परवानगी) मिळेल का?" अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन संरक्षण खात्याच्या कंत्राटी नोकऱ्यांकडे वळणारी आपली मुलं हे मला बाजूला घेऊन विचारतात. माझ्या नावावर डीयूआय, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा, होता, व्यसनाचं वैद्यकीय निदानही झालेलं होतं. अंतरिम क्लिअरन्स नाकारला गेला, पण पूर्ण चौकशीनंतर 'सीक्रेट' दर्जाचा क्लिअरन्स मिळाला.

निर्णय १३ निकषांवर होतो. जून २०१७ पासून सगळ्या केंद्रीय खात्यांना हेच निकष लागू आहेत. त्यांत दारू 'जी' या निकषात येते. तुम्ही किती पीत होतात हे विचारतातच, पण खरी छाननी त्यानंतर काय केलंत याची असते. इथे एक फरक नीट समजून घ्या. एखादा डीयूआय आहे, निदान काही नाही, आणि आता बेतानं घेता, तर ते चालू शकतं. पण निदान झालंय आणि उपचार करणाऱ्यांनी पूर्ण बंद करायला सांगितलंय, तर भावाच्या लग्नात घेतलेला एक पेगही सल्ला मोडल्याचा पुरावा ठरतो. किती वर्षं कोरडं राहायचं, याचा आकडा मात्र नियमात नाही.

उपचार घेतले तर रेकॉर्डवर येईल, म्हणून समुपदेशकाकडे न जाणारे मी पाहिलेत. हे अगदी उलटं गणित आहे. स्वतःहून घेतलेले आणि पूर्ण केलेले उपचार तुमच्या बाजूने मोजले जातात.

क्लिअरन्ससाठीचा एसएफ-८६ फॉर्म भरताना मुदतींकडे लक्ष द्या. दारूमुळे नोकरी, नाती, पैसा यांवर परिणाम झाला का, हे मागच्या ७ वर्षांपुरतं विचारतात. उपचार घेतले का, घ्यायला कुणी सांगितलं का, आणि दारूशी संबंधित गुन्ह्याचा आरोप होता का, हे मात्र आयुष्यभराचं. ३०० डॉलरखालचा वाहतुकीचा दंड लिहावा लागत नाही, पण त्यात दारू असेल तर लागतो. "वकिलाने रेकॉर्ड पुसून घेतलंय" म्हणून तो रकाना कोरा सोडू नका. पुसलेलं प्रकरणही लिहायचं असतं. जाणूनबुजून लपवलंत तर 'ई', म्हणजे वैयक्तिक वर्तनाचा, निकष लागतो, आणि तो 'जी'पेक्षा अवघड. शिवाय खोटी माहिती देणं हा ५ वर्षांपर्यंत कैदेचा केंद्रीय गुन्हा आहे.

कोर्टाचा अंतिम निकाल, डीयूआयनंतरचा वर्ग पूर्ण केल्याचा दाखला, उपचार केंद्राचं पत्र हे सगळं आधीच मागवा. पत्र हातात यायला फार वेळ जातो.

तपास अधिकारी शेजाऱ्यांना, मित्रांनाही भेटू शकतात. आपली माणसं अशा वेळी सांभाळून घेतात. "छे, तो तर शिवतही नाही!" असं मंडळातल्या काकूंनी प्रेमानं सांगितलं, आणि तुमच्या फॉर्मवर डीयूआय असला, की दोन जबाब जुळत नाहीत. ज्यांची नावं द्याल त्यांना आधीच सांगा, जे माहीत आहे तेच बोला.

नकाराची चिन्हं असतील तर कारणांची लेखी नोटीस येते. कंत्राटी कर्मचाऱ्याला उत्तरासाठी २० दिवस असतात, आणि न्यायाधीशापुढे सुनावणीही मागता येते. क्लिअरन्स मिळाल्यावरही नवी अटक झाली किंवा दारूसाठी उपचार सुरू केले, तर कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला स्वतःहून कळवायचं. तपासणी आता सतत चालू असते, त्यामुळे अटक झाली तर ती त्यांना तशीही समजते.