जहाजाचं मेन इंजिन किक घेत नाहीये, म्हणजे स्टार्टच होत नाहीये? बघायला कुठून सुरुवात करायची

न्हावा शेवाला पायलट (बंदरातून जहाज नेणारा वाटाड्या) चढलेला, टग बांधलेले, ब्रिजवरून डेड स्लो अहेड (एकदम हळू पुढे) आला, ईसीआरमध्ये, म्हणजे इंजिन कंट्रोल रूममध्ये, हँडल पुढे केलं आणि इंजिन ढिम्म. मी तेव्हा फाइव्हर, म्हणजे ज्युनियर इंजिनियर होतो, कंट्रोल रूममध्ये पाच जण आणि पाच मतं. शेवटी सापडलं काय, तर टर्निंग गिअर (थांबलेलं इंजिन मोटरने हळू फिरवायचा गिअर, तो आत असेपर्यंत स्टार्ट मिळत नाही) बाहेर काढलेला होता पण त्याचा लिमिट स्विच अडकलेला, म्हणजे सिस्टिमच्या लेखी गिअर अजून आतच. तेव्हापासून मी एकच बघतो, हवा कुठपर्यंत पोचली आणि कुठे थांबली.

खालचं सगळं कॅमशाफ्टवाल्या (फ्युएल पंप वगैरे वेळेवर चालवणारा फिरता दांडा असलेल्या) टू-स्ट्रोकसाठी आहे, समजा मॅन बी अँड डब्ल्यूचं एस६०एमसी-सी, ६०० मिमी बोअर, २४०० मिमी स्ट्रोक, फुलला साधारण १०५ आरपीएम. याला गाडीसारखा स्टार्टर नसतो, बाटल्यांमधली ३० बारची हवा थेट पिस्टनवर सोडून फिरवायचं. आणि ही हवा सोडायची की नाही ते ठरवते वेगळी ७ बारची कंट्रोल एअर, नवीन पोरं इथेच गोंधळतात.

आता पहिला प्रश्न, इंजिन हवेवर फिरतंय का? अजिबात हलत नसेल तर फ्युएलकडे बघूच नका. टर्निंग गिअर बाहेर आहे का (स्विचसकट!), बाटलीचा आणि मेन स्टार्टिंग व्हॉल्व्हचा स्टॉप उघडलाय का, कंट्रोल एअर आहे का, ऑक्स ब्लोअर (कमी स्पीडला इंजिनात हवा ढकलणारे विजेचे पंखे) ऑटोवर आहेत का, इमर्जन्सी स्टॉप किंवा शटडाऊन रिसेट करायचा राहिलाय का. हे सगळं ठीक असेल तर डिस्ट्रिब्युटर (कुठल्या सिलिंडरला कधी हवा द्यायची ते ठरवणारा) बघा, तो अहेड-अस्टर्नच्या, म्हणजे पुढे-मागेच्या, मधेच अडकला तर हवा योग्य सिलिंडरला जातच नाही. बाटल्या मात्र उगाच रिकाम्या करू नका, रिव्हर्सिबल (उलटं फिरू शकणाऱ्या) इंजिनला बाटल्या पुन्हा न भरता १२ स्टार्ट मिळाले पाहिजेत असा नियम आहे, पण मॅन्युव्हरिंगमध्ये १२ कधी संपतात कळत नाही.

हवेवर छान फिरतंय पण पेटत नाही? मग फ्युएल रॅककडे (पंपाने किती तेल सोडायचं ते ठरवणारी दांडी) माणूस पाठवा आणि किक मारताना रॅक हलतोय का ते त्याला डोळ्यांनी बघू दे, ईसीआरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. रॅक हलतोय तरी पेटत नसेल तर फ्युएल पंपावरचे पंक्चर व्हॉल्व्ह बघा. इंजिन स्टॉपला असताना त्यांच्यावर कंट्रोल एअर असते, ती सुटली नाही की फ्युएल इंजेक्टरपर्यंत न जाता परत फिरतं. हेवी ऑइल असेल तर व्हिस्कॉसिटीपण बघा, १० ते १५ सेंटिस्टोक हवी, त्यासाठी तेल बहुतेक वेळा १३० डिग्रीच्या वर न्यावं लागतं.

एकच युनिट (सिलिंडर) पेटत नाही, ते पण दिशा बदलल्यावर? त्या फ्युएल पंपाचा रिव्हर्सिंग रोलर (दिशा बदलली की कॅमवर जागा बदलणारा) सरकला नसेल. घाबरू नका, बाकीच्यांवर इंजिन चालतं.

काहीच जमत नसेल तर लोकल, म्हणजे ईसीआरऐवजी इंजिनपाशीच कंट्रोल. गव्हर्नर (स्पीड सांभाळणारा) सोडवायचा, रॅक हँडव्हीलला जोडायचा, चेंजओव्हर लोकलला आणि इंजिनच्या अंगालाच उभं राहून चालवायचं. हे बंदरात निवांत असताना हाताने करून बघा, कारण हँडव्हील जाम आहे हे पायलटसमोर कळणं फार वाईट. ब्रिजशी फोन आणि लोकल टेलिग्राफ (ब्रिजची ऑर्डर दाखवणारा) चालू आहे ना तेही.

मॅनच्याच एमई (इलेक्ट्रॉनिक कंट्रोलच्या) इंजिनवाल्यांचं वेगळं, तिथे कॅमशाफ्टच नाही, हायड्रॉलिक ऑइल आणि कंट्रोलर कार्ड, आधी हायड्रॉलिक प्रेशर आहे का ते बघायचं. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

आणि इंजिन चालू झालं की सगळे चहाकडे पळतात, तुम्ही आधी प्रत्येक युनिटच्या स्टार्टिंग एअर ब्रँच पाइपजवळ हात न्या, एकदम टेकवू नका, भाजेल. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तो व्हॉल्व्ह लीक आहे, पेटलेला गॅस मागे येतोय, आणि लाइनमध्ये बाटल्या भरणाऱ्या कंप्रेसरचं तेल साचलेलं असेल तर पुढच्या किकला स्फोट होऊ शकतो. फ्लेम अरेस्टर (ज्वाळा अडवणारी जाळी) आणि बर्स्टिंग डिस्क (प्रेशर वाढलं की फुटणारी चकती) त्यासाठीच आहेत, पण त्यांच्यावर सोडू नका. चीफ इंजिनियरला सांगा, त्या युनिटचं फ्युएल बंद करा आणि पहिली संधी मिळताच व्हॉल्व्ह बदला. आणि बाटल्यांमधलं साचलेलं तेल-पाणी काढायला त्यांचा ड्रेन निघायच्या आधी मारला होता ना?