पाकिटावरचे आकडे वाचायची सोपी पद्धत

सरबत किंवा जॅम घेताना मागच्या बारीक अक्षरांतले आकडे कळत नाहीत आणि सगळंच घातक वाटायला लागतं.

१. मोबाइलने घटकांच्या यादीचा फोटो काढा आणि मोठा करा. वजनाने जास्त असलेला घटक आधी छापतात. पहिलंच नाव साखरेचं असेल तर आकड्यांपर्यंत जायची गरजच नाही.

२. आता ‘आयएनएस’पुढचे आकडे, म्हणजे खाण्यात मिसळलेल्या रंग, टिकवणारे पदार्थ वगैरेंचे आंतरराष्ट्रीय क्रमांक. १०० ते १९९ रंग, २०० ते २९९ मुख्यतः टिकवणारे पदार्थ.

३. १०२, ११०, १२२, १२४, १२९ हे कृत्रिम रंग. मुलांच्या खाऊत टाळलेले बरे. १०२ म्हणजे टारट्राझिन, लिंबासारखा पिवळा. काहींना त्याने अंगावर पित्त उठतं. दमेकऱ्यांनी २२० ते २२८ शोधून टाळावेत. हे सल्फाइट, सुके जर्दाळू केशरी चमकदार दिसतात ते बहुधा यामुळेच.

४. १०० हा हळदीतला रंग, १०१ म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, ३०० म्हणजे सी. यांना उगाच घाबरू नका. मात्र २११ (टिकवणारं सोडियम बेंझोएट) आणि ३०० एकाच बाटलीत असतील तर ती तापलेल्या गाडीत ठेवू नका. उष्णतेने थोडं बेंझीन हे घातक रसायन तयार होऊ शकतं.

सावधान: ‘+एफ’ चिन्हाच्या दूध-तेलात ए आणि डी जीवनसत्त्वं आधीच घातलेली असतात. त्यांच्या गोळ्याही चालू असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला, गरोदरपणात तर नक्कीच. जादा झालेलं ए आणि डी लघवीवाटे निघून जात नाही, शरीरात साठतं.