नेपाळला स्वयंसेवक म्हणून जाताय? या चुका टाळा

"दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस नेपाळच्या शाळेत शिकवायचंय," असे मेसेज दर वर्षी येतात. अहो, तेव्हा तिथे दशैं आणि तिहार, म्हणजे त्यांचा दसरा आणि दिवाळी, असतात. बहुतेक शाळा बंद, निम्मी शिक्षकमंडळी आपापल्या गावी. त्या दिवसांत पाहुणे म्हणून जा, थोरांच्या हातून टिका-जमरा (कपाळावर टिळा आणि जवाचे कोवळे अंकुर) घ्या, बांबूच्या उंच झोक्यावर बसा. शिकवायचं असेल तर वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, नवं शैक्षणिक वर्ष सुरू होतं, त्यानंतरचं बघा. आणि आधी मुख्याध्यापकांना विचारा की त्यांना नेमकं काय हवंय.

विमानाने जाणार असाल तर प्रौढांना आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट किंवा मूळ मतदार ओळखपत्र लागतं. व्हिसा नको म्हणून कागदच नकोत, असं धरून चालू नका.

आता ज्याची मला खरोखर चीड येते ते. अनाथाश्रम.

पुण्याच्या एका ग्रुपसोबत काठमांडूतल्या एका बालगृहात गेले होते. दारात मुलं ओळीने उभी, हातात झेंडूच्या माळा, पाठ केलेलं स्वागतगीत. दुपारी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी शेजारी बसून चित्र काढत होती. उतरत्या छपराचं घर, दोन शेळ्या, एक बाई. हे कोण, म्हणून विचारलं तर म्हणाली, "मेरो आमा. हुम्लामा." म्हणजे, माझी आई, हुम्ला जिल्ह्यात. आई जिवंत होती, हुम्ल्यात होती, आणि मुलगी इथे अनाथ म्हणून पाहुण्यांना गाणी म्हणून दाखवत होती.

हे एकाच ठिकाणचं नाही. 1996 ते 2006 च्या यादवी युद्धात आणि पुढेही दलालांनी चांगल्या शाळेचं आमिष दाखवून हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून मुलं आणली आणि कागदोपत्री पोरकी केली. देणगी देणारे आणि फोटो काढणारे येत राहतात, म्हणून हा धंदा टिकतो. दोन आठवडे माया लावून निघून जाणारी माणसं त्या मुलांना पुन्हा पुन्हा तोडतात. मी कुणालाही बालगृहाचा पत्ता देत नाही, कितीही आग्रह केला तरी.

महिनाभर वेळ नसेल तर स्वयंसेवेचा हट्ट सोडा. सिरुबारी किंवा घलेगाउँला गुरुंग समाजाच्या घरात होमस्टे करा, चार पैसे थेट त्या घरात जातात. आठवड्याभरात गाव बदलायला निघालेल्यांपेक्षा असा पाहुणा गावाला जास्त उपयोगी पडतो, हे माझं ठाम मत आहे.

जेवणाच्या वेळा सांभाळा: डाळ-भात सकाळी नऊ-दहाला आणि मग रात्री, मधे फक्त खाजा, म्हणजे हलका नाश्ता.

उष्टा हात वाढायच्या भांड्याला लावू नका. न विचारता स्वयंपाकघरात शिरू नका.

चितवनच्या जंगलात गाइडशिवाय पायी फिरू नका. तिथे गेंडे आहेत.

अंगमेहनतच करायची असेल तर असारात, म्हणजे नेपाळी आषाढात, जा. असार 15 ला, म्हणजे जूनअखेरीस, भातरोपणीचा सण असतो. गुडघाभर चिखलात लावणी, मग दही-चिउरा, म्हणजे दही-पोहे. कोकणातल्या माणसाला शिकवावं लागणार नाही. फक्त पायवाटेवर जळवा फार. चिकटलेली जळू हिसकून काढू नका, नख तोंडाखाली सरकवून सोडवा आणि जखम साबणाने धुवा.